लंबक उजवीकडं फिरला, मग पुढं काय?

या महिन्यात एकाच कादंबरीवर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकाला ठेवते, राग मानू नका. कादंबरी चिनी आहे, इंग्रजीत नाव 'लॉर्ड ऑफ द मिस्ट्रीज', लेखकाच्या टोपणनावाचा अर्थ साधारण 'बुडी मारायला आवडणारं माकूल' असा होतो (हो, माकूलच, मासळी बाजारात मिळतं ते). चिद्यान नावाच्या चिनी साइटवर एप्रिल २०१८ ते मे २०२० अशी दोन वर्षं ती चालली, चौदाशेच्या आसपास प्रकरणं झाली.

ज्यांनी हात लावला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आजच्या चीनमधला एक मुलगा डोळे उघडतो तर तो दुसऱ्याच जगात, क्लाइन मोरेटी नावाच्या तरुणाच्या अंगात, कानशिलात गोळी घुसलेली. बाहेर गॅसचे दिवे, वाफेची यंत्रं, जुन्या इंग्लंडसारखं टिंगेन नावाचं शहर. तिथं काढा पिऊन अद्भुत शक्ती मिळते. असे एकूण २२ मार्ग, प्रत्येकात ९ पासून ० पर्यंत पायऱ्या, आणि पायरी चुकली की माणूस राक्षस होतो. क्लाइन घेतो भविष्य बघणाऱ्याचा मार्ग. लंबक, टॅरो, स्वप्न, छडी, नाणं, सगळं वापरतो.

प्रश्न : ताई, मित्रानं डोकं खाल्लं म्हणून सुरू केली. वीस-पंचवीस प्रकरणं झाली, नुसतं पावाचा भाव, घरभाडं, बहिणीची शाळा असलंच चाललंय. भविष्य बघणं कुठाय? सोडू की वाचू? – बी.कॉम. दुसरं वर्ष, खानापूर

अरे बाळा, सोडू नको, आणि तो पावाचा भाव तर अजिबात गाळून वाचू नको.

सुरुवात संथ आहे हे मान्य, मीसुद्धा पहिल्यांदा तिथंच अडकले होते आणि दोन महिने फोनमध्ये तशीच पडून होती. पण बघ, तिथं एका पौंडाचे २० सोली आणि एका सोलीचे १२ पेन्स असा हिशोब आहे, आपल्याकडं १९५७ पर्यंत रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै होत्या, घरात आजी-आजोबा असतील तर विचार, एक पै म्हणजे काय ते त्यांच्या तोंडून ऐक, मग क्लाइन नाणी मोजतो तेव्हा त्याच्या हातात काय आहे ते कळेल. सुरुवातीला तो मटण आणि कोवळे मटार आणून घरी रस्सा करतो. भाऊ बेन्सन आणि बहीण मेलिसा दमून घरी आलेत, मेलिसा पैसे वाचवायच्या नादात स्वतःच्या पोटाला चिमटा घेते, आणि त्या एका रात्री तिघंही पोटभर जेवतात. अद्भुत काही घडत नाही त्या प्रसंगात. पण पुढं हजार पानांनी हा माणूस जीव धोक्यात घालतो तेव्हा तो कशासाठी घालतोय हे तुला विचारावं लागत नाही, तो रस्सा आठवतो. मला तरी हे या लेखकाचं सगळ्यात मोठं बळ वाटतं, देव-दानव सगळे लिहितात, महिन्याचा खर्च इतक्या प्रेमानं कोण लिहितं?

दोष आहे तो वेगळाच. मध्येच कुणीतरी पात्र उभं राहतं आणि चर्च कुठली, देव सात कोणते, कुठल्या बंदिस्त वस्तूचा धोका किती, असं पानभर सांगत सुटतं, ते वर्गात फळ्यावर लिहून घेतल्यासारखं वाटतं. तिथं पटपट पुढं जा, लागेल ते पुढं परत येतंच. पहिला खंड दोनशेच्या थोडं पुढं संपतो, तिथपर्यंत गेल्याशिवाय निर्णय घेऊ नको.

प्रश्न : ताई, माझा मुलगा बारावीला आहे, ही कादंबरी मोबाईलवर वाचतोय. आता लॉकेट दोऱ्याला बांधून हातात धरतोय, सात वेळा कायतरी पुटपुटतोय आणि परीक्षेचं विचारतोय. ओरडले तर ऐकलंच नाही ओ. पुस्तक बंद करू का? – एक आई, निपाणी

अक्का, आधी घाबरू नका. तो जे करतोय ते जसंच्या तसं पुस्तकातलं आहे. क्लाइन कागदावर एक वाक्य लिहितो, ते मनात सात वेळा म्हणतो, डोळे उघडून बघतो, लंबक घड्याळाच्या काट्यासारखा फिरला तर होय, उलटा फिरला तर नाही.

आता एक करा. त्याच्याशी भांडू नका, त्याच्यासमोर बसा आणि लॉकेट त्याच्याच हातात राहू दे, फक्त डोळ्याला रुमाल बांधा आणि विचारायला लावा. फ्रान्समध्ये शेव्हरल नावाच्या एका केमिस्टनं हेच स्वतःवर करून बघितलं होतं आणि १८३३ मध्ये पत्र लिहून छापलं, डोळे उघडे असले की लंबक फिरतो, डोळे बांधले की फिरणं मंदावून थांबतं. बोटं आपल्या नकळत हलतात, मनात जे उत्तर आहे तिकडं हलतात, हात मुद्दाम हलवल्यासारखं वाटत नाही म्हणून तर खरं वाटतं. मुलगा खोटं बोलत नाहीये अक्का, त्याला खरंच वाटतंय की ते आपोआप फिरतंय. हे त्याला प्रेमानं दाखवा.

आणि पुस्तक बंद करू नका कारण तेच पुस्तक त्याला हे सांगतंय. टिंगेनमध्ये भविष्य बघणाऱ्यांचा एक क्लब आहे, क्लाइन तिथं बसून लोकांचं बघतो, आणि तिथं त्याला हळूहळू कळतं की माहिती अर्धी असली तर उत्तर अर्धं येतं, प्रश्न वाकडा असला तर उत्तर वाकडं येतं, आणि सारखं विचारत बसणारा माणूस त्यातच फसतो. पट्टीचा पोहणाराच बुडतो म्हणतात ना आपल्याकडं, तसं. काढा पचवायचा तर त्याला भविष्य बघणाऱ्यासारखं नुसतं दिसून चालत नाही, त्या कामाची शिस्त अंगी आणावी लागते, कादंबरीत याला भूमिका वठवणं म्हणतात.

माझं आजोळ खानापूर तालुक्यातलं. आजीच्या गावी देवीला कौल लावायचे, गुरव मूर्तीवर फुलं लावायचा, गाऱ्हाणं घालायचा, उजवीकडचं फूल पडलं की होकार, डावीकडचं पडलं की नकार. आम्ही पोरं श्वास रोखून उभी असायचो. एकदा काकांच्या जमिनीच्या व्यवहाराला डावा कौल आला आणि काका म्हणाले परत लावा, तर आजी इतकी चिडली, म्हणाली देवीला काय तू दोनदा उठवणार हायस काय, एकदा विचारलं ते विचारलं. मला क्लाइन वाचताना आजीच आठवली. मुलाला हे सांगा, एक प्रश्न एकदाच. आणि 'मी पास होणार का' हा प्रश्न लॉकेटला विचारण्याऐवजी 'कुठला धडा कच्चा आहे' हा तुम्हाला विचारायला लावा, रात्री अर्धा तास बसा त्याच्यासोबत. मनात भीती आहे पोराच्या, म्हणून तो विचारतोय.

प्रश्न : कादंबरी चिनी, मग टॅरो कार्ड कशाला? चिनी लोकांचं स्वतःचं काही नाही का? – निवृत्त शिक्षक, बेळगाव

गुरुजी, आहे की, आणि किती जुनं! तीन हजार वर्षांच्या मागं शांग राजांच्या काळात कासवाच्या पोटाकडची ढाल किंवा बैलाच्या खांद्याचं हाड तापवायचे, तडा गेला की तो वाचायचे, आणि काय विचारलं ते त्याच हाडावर कोरून ठेवायचे. चिनी लिपीचा आज हातात असलेला सगळ्यात जुना मोठा साठा तोच, आनयांग शहराजवळ सापडलेला. भविष्य बघण्याला चिनीत 'बू' म्हणतात, त्याचं अक्षर म्हणजे एक उभी रेघ आणि तिला बाजूला फुटलेली एक छोटी रेघ, म्हणजे तो तडाच. पुढं वनस्पतीच्या ५० काड्या घेऊन, एक बाजूला ठेवून, सहा ओळींच्या ६४ आकृत्यांपैकी एक काढायची पद्धत आली.

टॅरो मूळचे इटलीचे, पंधराव्या शतकात तो पत्त्यांचा खेळ होता, भविष्यासाठी त्याचा बोलबाला झाला तो १७८० नंतर फ्रान्समध्ये. ७८ पत्ते, त्यात २२ मोठे. कादंबरीतले २२ मार्ग त्यावरूनच आलेत. कादंबरीतल्या जगात हे पत्ते रोझेल नावाच्या एका सम्राटानं आणलेत, आणि हा सम्राटसुद्धा आपल्याच जगातून आलेला, त्याच्या डायऱ्या चिनी लिपीत आहेत ज्या क्लाइनशिवाय कुणाला वाचताच येत नाहीत. ही युक्ती मला फार म्हणजे फार आवडली. परक्या मुलखात अचानक आपल्या अक्षरातला कागद हातात यावा! आपल्याकडं सीमाभागात राहणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको, हुबळीच्या पलीकडं कुठंतरी लांब एखाद्या दुकानावर मराठी पाटी दिसली की पाय थांबतो की नाही.

आणि चिनी असं एक मोठं काम आहेच त्यात. क्लाइन ज्या विधीनं गूढ करड्या धुक्याच्या वरच्या जागी पोचतो तो चिनीच, खोलीच्या चार कोपऱ्यांत खायचे चार पदार्थ ठेवायचे आणि उलट्या दिशेनं चौकोनात चार पावलं टाकायची, प्रत्येक पावलाला एक मंत्र. सगळी कादंबरी त्या चार पावलांवर उभी आहे.

प्रश्न : मी आठशेपर्यंत वाचली. काहीही करायचं झालं की हीरो धुक्यावर जातो, लंबक फिरवतो, 'धोका आहे का?' विचारतो, मग निघतो. प्रत्येक वेळी तेच. टेन्शनच राहिलं नाही. सगळे इतकं डोक्यावर का घेतात? – सॉफ्टवेअरवाला, सध्या वर्क फ्रॉम होम, टिळकवाडी

तुमचं बरोबर आहे. मी ही कादंबरी मनापासून आवडीनं वाचली तरी या बाबतीत मी तुमच्या बाजूची.

पहिल्या खंडात बघा काय आहे. क्लाइनला स्वप्नात एक घर दिसतं, लाल चिमणीचं. बस्स, तेवढंच. शहराचं नाव माहीत, घर कुणाचं माहीत नाही, आणि टिंगेनमध्ये लाल चिमण्या किती! तो फिरत राहतो, शोधत राहतो, रोजची कामं करता करता वर बघत राहतो, वाचणारा पण बघत राहतो, आणि मधल्या काळात काही गोष्टी फारच सोयीस्करपणे जुळून येताहेत असं त्याला आणि आपल्याला एकदमच वाटायला लागतं, अंगावर काटा येतो. शेवट सांगत नाही, अजून वाचणारे आहेत. पण तिथं भविष्य म्हणजे एक अर्धवट चित्र होतं आणि ते पुरं करायला माणसाला पाय झिजवावे लागत होते.

आमच्याकडून खाली विजयनगर जिल्ह्यात मैलार आहे, मैलारलिंग म्हणजे आपला खंडोबाच. भारत हुण्णिमेच्या, म्हणजे माघी पौर्णिमेच्या यात्रेत तिथं गोरवप्पा, म्हणजे देवाचा भक्त, उंच धनुष्यावर चढतो, 'सद्दले', म्हणजे गप्प, म्हणून ओरडतो, लाखभर माणूस चिडीचूप, मग एकच ओळ बोलतो आणि वरून अंग टाकतो, खालची माणसं झेलतात. ती ओळ म्हणजे कारणिक. वर्षाचं भविष्य, एका ओळीत. मग घरी जाताना एसटीत, चहाच्या टपरीवर, शेताच्या बांधावर लोक अर्थ लावत बसतात, कोण म्हणतो पाऊस चांगला, कोण म्हणतो सरकार पडणार, ओळ एकच. गोरवप्पानं 'होय' किंवा 'नाही' एवढंच सांगितलं असतं तर लोक वर्षभर बोलले असते का? लाल चिमणी ही अशी कारणिकाची ओळ होती.

पुढं काय होतं, धुक्यावर बसून विचारलं की बाहेरचा अडथळा गळून जातो, उत्तर स्वच्छ येतं, आणि लेखकाला हप्ता रोज द्यायचा असतो. मग लंबकाचं होय-नाही हे घराबाहेर पडताना गॅस बंद केला का बघण्यासारखं होतं. रोज छापायच्या गोष्टीत हे होतं, सवयीचं वाक्य आलं की अर्धं पान भरतं. लेखकाला हे कळलेलं पण दिसतं, म्हणून तो वरच्या पायरीवरच्या लोकांना भविष्य अडवायची ताकद देतो, पण त्यातनं झालं असं की उत्तर एक तर पूर्ण मिळतं नाही तर अजिबात मिळत नाही, ते मधलं धूसर, चुकीचा अर्थ लावता येईल असं चित्र कमी कमी होत गेलं. भविष्यावरच्या कादंबरीत मला हा सगळ्यात मोठा दोष वाटतो, लांबीपेक्षा मोठा.

मग डोक्यावर का घेतात, तर धुक्यावरच्या त्या टेबलासाठी. क्लाइन तिथं वेगवेगळ्या देशांतल्या माणसांना बोलावतो, प्रत्येकाला टॅरोचं नाव, कुणाचा चेहरा कुणाला नीट दिसत नाही. एक खानदानी मुलगी ऑड्री, एक दर्यावर्दी अल्जर, आणि डेरिक नावाचा एक पोरगा ज्याच्या गावात सूर्यच नाही. हे सगळे क्लाइनला देव समजतात आणि क्लाइनला रात्री घरभाड्याची काळजी. तो नाटक करत करत त्या नाटकाला लायक होत जातो. डेरिकचं गाव मला आजही डोळ्यासमोर दिसतं. आठशेवर थांबला असाल तर डेरिकसाठी तरी पुढं जा, लंबकाची वाक्यं नजरेनं ओलांडा.

प्रश्न : इंग्रजी जड जातं. मराठीत आहे का? – गृहिणी, चंदगडची, सध्या बेळगाव

ताई, मी स्वतः इंग्रजीतच वाचली, मराठी भाषांतर माझ्या हाती आलेलं नाही. इंग्रजी भाषांतर सरळ आहे पण ताठ आहे, काही शब्द तर कुणी बोलतच नाही असे. क्लाइन दोन भुवयांच्या मध्ये दोनदा टिचकी मारतो आणि त्याला आत्म्याचे रंग दिसायला लागतात, त्या जागेला इंग्रजीत 'ग्लाबेला' लिहिलंय, मी डिक्शनरी काढली. आपल्याकडं किती सोपा शब्द आहे, भ्रूमध्य, प्राणायामाच्या वर्गात रोज ऐकतो. तेव्हापासून मला वाटतंय की ही कादंबरी इंग्रजीपेक्षा मराठीत जास्त शोभेल, कौल, गाऱ्हाणं, अंगात येणं, उतारा, झपाटणं, आपल्याकडं शब्दांची वाण नाही. कुणी भाषांतर करणारं असेल तर पहिला खंड घ्या, मनापासून सांगते.

एक जपून. ज्या ॲपवर मी वाचली तिथं सुरुवातीची प्रकरणं फुकट आणि नंतर नाणी विकत घ्यायची, रात्री दोन वाजता पुढचं प्रकरण हवंच असतं आणि बोट दाबलं जातं, महिन्याच्या शेवटी बघितलं तर किराणाइतकी रक्कम झाली होती. क्लाइन असता तर आधी पेन्स मोजले असते. महिन्याचा आकडा ठरवा आणि तेवढाच भरा.

प्रश्न : ॲनिमेशन बघितलं तर पुस्तक वाचायची गरज आहे का? – दहावीतला वाचक, कारवार

२०२५ च्या जूनमध्ये सुरू झालं ते, पहिल्या सीझनला १३ भाग. दिसायला सुंदर आहे, गॅसच्या दिव्यांचा उजेड आणि धुकं तर काय सांगू. पण दोनशे प्रकरणं तेरा भागांत बसवायची म्हणून पळतंय, ज्यांनी वाचलेलं नाही त्यांना नावं कळेपर्यंत भाग संपतो, आणि पावाचा भाव साहजिकच पहिला कापला गेलाय. आधी वाच. काही प्रसंग अंगावर येतात, माणसं विद्रूप होतात, वेडी होतात, त्यामुळं रात्री एकटा वाचू नकोस आणि घरी सांगून वाच.

प्रश्न : मेलिसाचं पुढं काय होतं? मला तिचीच काळजी लागलीय. – नाव नको, शहापूर, बेळगाव

तुमची चिठ्ठी वाचून बरं वाटलं, मला वाटायचं मी एकटीच आहे.

तिला यंत्रांची आवड, चाकं, स्प्रिंगा, गिअर यात रमणारी पोरगी, आणि घरात पैसा नाही म्हणून गप्प राहणारी. क्लाइनला पुढं घरच्यांपासून लांब राहावं लागतं, का ते सांगत नाही, आणि मग ती आपल्याला लांबूनच दिसते, रस्त्याच्या पलीकडून, गर्दीतून. लेखकानं तिला इतक्या जिवंतपणे उभी केली आणि नंतर क्लाइनच्या आठवणीत ठेवून दिली. तो इतका भविष्य बघतो, समुद्रापलीकडचं बघतो, देवांचं बघतो. चौदाशे प्रकरणांत एक अख्खं प्रकरण तिच्या बाजूनं हवं होतं मला, ती कामावरून येते, दार उघडते, भांडं चुलीवर ठेवते आणि मटार सोलायला बसते, एवढंच.